गाईला शेळीची लस

वडगाव रासाई आणि भीमेकाठची शिरूर-दौंडची गावे उसावर जगतात, हे अर्धेच खरे. रोजचा बाजारहाट चालतो तो संकरित गाईच्या दुधावर. म्हणून 2022 मध्ये लम्पी या गुरांच्या त्वचारोगाची लाट आली तेव्हा इकडे धास्ती मोठी होती. राज्यात जनावरांचे बाजार बंद झाले, बैलगाडा शर्यती थांबल्या. गाईंना टोचली गेली ती मात्र शेळ्यांच्या देवीची लस. शेळीचे औषध गाईला कसे लागू पडेल, ही शंका रास्तच होती.

शेळीची देवी, मेंढीची देवी आणि लम्पी यांचे विषाणू एकाच भावकीतले. शरीर ओळखते ते विषाणूवरच्या प्रथिनांचे आकार, आणि या तिघांचा तोंडावळा बराचसा सारखा. प्रतिकारशक्तीच्या असंख्य बी पेशींपैकी ज्या थोड्या त्या आकाराशी जुळतात, त्या झपाट्याने वाढून प्रतिपिंडे तयार करतात. काही टी पेशी विषाणू शिरलेल्या पेशी मारतात. पहिल्या खेपेस याला दोन-तीन आठवडे लागतात. पुढे बहुतेक पेशी मरतात, काही स्मृतिपेशी उरतात आणि दुसऱ्या खेपेस त्या लवकर जाग्या होतात. शेजारच्या गोठ्यात गाठी दिसल्यावर धावपळ करून टोचून घेतले आणि आठवड्यात आपलीही गाय आजारी पडली, तर लशीला बोल लावण्यात अर्थ नाही. तिला सवडच मिळालेली नसते.

ही युक्ती जुनीच. 1796 मध्ये एडवर्ड जेन्नरने गाईच्या देवीने माणसाची देवी रोखली. भारतात ती लस पहिल्यांदा लागली मुंबईत, 14 जून 1802 रोजी, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. तेव्हा शीतपेटी कुठली? एका मुलाच्या दंडावरच्या फोडातला द्रव दुसऱ्याच्या दंडावर, असा लशीचा प्रवास चाले. 1980 मध्ये देवी जगातून गेल्याचे जाहीर झाले. बीसीजीही गाईच्याच क्षयजंतूपासून आलेली; काल्मेत आणि गेराँ यांनी तो 13 वर्षे प्रयोगशाळेत वाढवत वाढवत निरुपद्रवी केला. लम्पीच्या खुद्द विषाणूपासूनही हिसार आणि इज्जतनगरच्या संस्थांनी लस बनवली, आणि ते तंत्र पुण्यात औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ संस्थेकडे आले.

पण भावकी दरवेळी उपयोगी पडतेच असे नाही. लाळ्या-खुरकुताचे सात प्रकार आहेत आणि एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला अडवत नाही. म्हणून आपल्याकडच्या लशीत ‘ओ’, ‘ए’ आणि ‘एशिया-1’ असे तिन्ही घालावे लागतात. त्यात विषाणू मेलेला असल्याने प्रतिकारही लवकर ओसरतो. दर सहा महिन्यांनी टोचणीवाले पुन्हा दारात का येतात, याचे उत्तर हे.

वासराची गोष्ट निराळी. माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडे वारेतून मिळतात, वासराला जवळजवळ नाहीतच. त्याला ती चिकातून मिळतात, तीही पहिल्या दिवसातच. नंतर त्याचे आतडे ती रक्तात घेत नाही. खरवस मलाही प्रिय आहे, पण पहिली धार वासराची. गंमत अशी, की आईची हीच प्रतिपिंडे काही महिने लशीलाही निकामी करतात. त्यामुळे लाळ्या-खुरकुताची पहिली टोचणी वासरू चार महिन्यांचे झाल्यावर आणि महिन्याभराने बूस्टर. तो चुकवू नये, कारण एकट्या पहिल्या टोचणीने आलेला प्रतिकार तोकडा पडतो.