चुकलेली फोड, रुळलेला शब्द

निवडणुका आल्या की गावाबाहेरच्या माळावर चुन्याचा गोल आखून हेलिपॅड तयार होते. या शब्दातला ‘हेलि’ हा तुकडा मुळात नव्हताच. १८६१ मध्ये गुस्ताव्ह पोंतों दामेकूर या फ्रेंच संशोधकाने आपल्या यंत्राला नाव दिले, ते ग्रीकमधल्या ‘हेलिको’ म्हणजे मळसूत्री आणि ‘प्टेर’ म्हणजे पंख यांवरून. फोड ‘हेलिको’नंतर पडायला हवी. पण सुरुवातीचा ‘प्ट’ इंग्रजी जिभेला झेपत नाही; तिने सुरी ‘हेलि’पाशीच चालवली. एका तुकड्यातून हेलिपॅड, हेलिपोर्ट निघाले, दुसऱ्यातून क्वाडकॉप्टर. ग्रीक पंडिताने कपाळाला हात लावावा, पण तुकडे खणखणीत चालले.

अर्थ असलेल्या अशा सर्वांत लहान घटकाला भाषाशास्त्रात रूपिम म्हणतात. शाळेत त्याची उपसर्ग-प्रत्ययांची यादी पाठ करून घेतात. हे घटक कायमचे ठरलेले असतात, असा समज तिथूनच होतो. तसे नसते, हे हॅम्बर्गर दाखवतो. हॅम्बर्गर म्हणजे सरळ ‘हॅम्बुर्गकर’. पण ‘हॅम’ हे डुकराचे मांस, म्हणून लोकांनी ते वेगळे काढले आणि उरलेल्या ‘बर्गर’ला चीज जोडले, चिकन जोडले, आपल्याकडे तर व्हेजही.

बसची गंमत याहून मोठी. ‘ऑम्निबस’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘सर्वांसाठी’. त्यातला शेवटचा ‘बस’ हा नुसता चतुर्थी अनेकवचनाचा प्रत्यय. जॉर्ज शिलिबीरने १८२९ मध्ये लंडनमध्ये ही घोडागाडी सुरू केली आणि पुढे लोकांनी धड टाकून शेपूट ठेवले. १५ जुलै १९२६ रोजी मुंबईत अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावू लागली, ती ‘सर्वांना’मधली नुसती ‘ना’!

हसण्याआधी आपले घर पाहावे. ‘असुर’ हा शब्द वेदांत जुना, तिथे तो देवांनाही लावलेला आहे. त्यातला ‘अ’ नकाराचा समजून ‘सुर’ मागाहून निघाला. ‘विधवा’तून नवरा या अर्थाचा ‘धव’ निघाला तोही असाच.

ही फोड मनात कशी चालते? १९५८ मध्ये जीन बर्को या अमेरिकी संशोधिकेने चार ते सात वर्षांच्या मुलांना पाखरासारख्या प्राण्याचे चित्र दाखवले. हा ‘वग’, आता दोन आहेत, तर काय म्हणाल? मुले म्हणाली, ‘वग्ज’. शब्द बनावट, म्हणजे पाठांतराचा प्रश्नच नाही. शेवटचा उच्चारही ‘स’ नव्हे, ‘डॉग्ज’मध्ये येतो तोच. मात्र ‘ग्लासेस’ सहज म्हणणारी बरीच मुले बनावट ‘टॅस’पाशी अडली आणि दोघांनाही ‘टॅस’च म्हणाली. मला या प्रयोगातले हे अडखळणेच अधिक मोलाचे वाटते. ‘ग्लासेस’ त्यांनी ऐकून उचलला होता. त्यातला प्रत्यय अजून सुटा झाला नव्हता.

इंग्रजीच्या शिक्षकांना एवढीच विनंती: यादी जरूर द्या, पण मुलांना फळ्यावर स्वतःचे शब्दही बनवू द्या. एखादा चुकला तर लगेच पुसू नका. मुलाने तो कुठे तोडला, ते आधी विचारा.