पातळ बहुवारिक पटलांची ताठरता: सुरकुत्यांवरून मापन

दुधावर धरलेली साय चमच्याने एका बाजूने हलकेच लोटली, की तीवर समांतर सुरकुत्या उमटतात. साय पातळ असेल तर त्या दाट पडतात, जाड असेल तर विरळ. या नित्याच्या दृश्यात एका अवघड मापनाचे तत्त्व दडलेले आहे.

प्रतिबल व विकृती यांच्या गुणोत्तरास यंगचा गुणांक म्हणतात. पदार्थाची ताठरता त्यावरून कळते. जाड पट्टी ओढून तो सहज काढता येतो. परंतु १०० नॅनोमीटर जाडीचे पटल चिमट्यात धरून ओढणे दुष्कर होय. यास्तव त्यात सूक्ष्म सूची दाबून पाहतात. तथापि सूची जाडीच्या सुमारे दशांशाहून खोल गेली, की खालच्या आधाराची ताठरताही मापनात मिसळते.

२००४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील क्रिस्टोफर स्टॅफर्ड व त्यांचे सहकारी यांनी आधाराच्या या हस्तक्षेपालाच साधन बनविले. किंचित ताणलेल्या मऊ सिलिकोन रबरावर पटल चढवून ताण सोडला, की पटल दबते आणि त्यास सुरकुत्या पडतात. पटल वाकण्यास विरोध करते, म्हणून त्यास लांब तरंग सोयीचे. रबर खोलवर विरूपित होण्यास विरोध करते, म्हणून त्यास आखूड तरंग सोयीचे. या दोहोंच्या तडजोडीतून एक निश्चित तरंगलांबी ठरते. तरंगलांबी व जाडी यांच्या गुणोत्तराच्या घनाशी पटलाचा गुणांक समप्रमाणात असतो. रबराचा गुणांक २ मेगापास्कल व पॉलिस्टायरीनचा ३ गिगापास्कल धरल्यास, १०० नॅनोमीटर पटलावर सुमारे ५ मायक्रोमीटर अंतराने सुरकुत्या पडतात. साध्या सूक्ष्मदर्शकातून त्या मोजता येतात. मात्र घनामुळे जाडीतील एक टक्का चूक उत्तरात तीन टक्के होते, हे विसरता कामा नये.

याच रीतीने २००६ साली असे आढळले, की सुमारे ४० नॅनोमीटरहून पातळ पॉलिस्टायरीन पटलांची ताठरता घटत जाते. पृष्ठभागाजवळील रेणुशृंखला अधिक मोकळ्या असतात, हे त्याचे एक स्पष्टीकरण होय. इलेक्ट्रॉनिक चिप घडविताना बहुवारिकाच्या अतिसूक्ष्म रेषा धुऊन वाळवितात. त्या पुरेशा ताठर नसल्यास द्रवाच्या पृष्ठताणाने कलंडतात. जाड पट्टीवर मोजलेला आकडा तेथे भरवशाचा ठरत नाही. पटलाचा गुण पटलावरच मोजला पाहिजे.