कासचे पठार व गुरांची वाट

साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर कासचे पठार आहे. उन्हाळ्यात पाहावे तर नुसता उघडा, काळवंडलेला जांभा दगड. त्यावर मातीचा थर तो किती, जेमतेम बोटभर! तथापि पावसाळा ओसरू लागला की त्याच खडकावर तेरडा, सोनकी व सीतेची आसवे यांचे गालिचे पसरतात. माती इतकी निकस की तेथील काही चिमुकल्या वनस्पती कीटक पकडून आपली भूक भागवितात. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांस जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत कासही होते.

मान मिळाला आणि माणसांचा लोंढा लोटला. फुलांत लोळून छायाचित्रे काढून घेणाऱ्यांस काय म्हणावे? एका पावलाखाली किती रोपे चिरडतात, हे त्यांच्या गावीही नसते. म्हणून दिवसाला ३००० माणसांची मर्यादा ठरली, प्रवेशशुल्क बसले, आणि कास, आटाळी, एकीव, कासाणी या गावांच्या समित्यांकडे व्यवस्था आली. शुल्कातून गावच्या तरुणांस घरच्या घरी काम मिळाले, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु याच काळात पठारास तारेचे कुंपणही पडले. त्याने पाहुणे आवरले; पण त्यांच्याबरोबर गुरेही अडली. वास्तविक पिढ्यान्‌पिढ्या गावची गुरे तेथे चरत आली होती. आपल्यांपैकी ज्यांनी लहानपणी गुरे राखली आहेत त्यांस सांगावयास नकोच, की गुरे फिरली म्हणजे गवत आखूड राहते, शेणाचे खत पडते, खुरांच्या खळग्यांत पाणी साचते. चराई थांबताच गवत माजले, आणि ज्यांस मोकळे ऊन हवे ती इवली फुले त्याखाली झाकोळू लागली. फुले उणावल्याची तक्रार गावकऱ्यांप्रमाणेच अभ्यासकांनीही केली, आणि सुमारे दहा वर्षांनी ते कुंपण काढण्यात आले.

फुलांचा शत्रू कोण, हे ठरविताना म्हैस आणि मोटार एकाच दावणीला बांधली गेली, ही खरी चूक. म्हैस त्या पठाराच्या घरची होती, मोटार पाहुणी. आता रस्त्यालगत वाढणाऱ्या हॉटेलांच्या बांधकामांचा प्रश्न आहे, व तो कुंपणाने सुटणारा नाही.

कोणास जावयाचे असल्यास सप्टेंबरात, रविवार टाळून व आगाऊ नोंदणी करून जावे. पायवाट सोडू नये. आणि समोरून गुरे आलीच, तर आपण बाजूस व्हावे.