टक्का घटला, विक्री वाढली

देशातल्या प्रवासी वाहनांच्या बाजारात मारुती सुझुकीचा वाटा २०१८-१९मध्ये सुमारे ५१.२ टक्के होता. २०२३-२४मध्ये तो ४१.७ टक्क्यांवर आला. हे आकडे एकाच मापाच्या दोन वृत्तालेखांत मांडले, तर कंपनीची वर्तुळपाकळी १८४ अंशांवरून १५० अंशांवर आलेली दिसते आणि विक्री घसरली असंच कुणालाही वाटतं. प्रत्यक्षात ती साधारण १७.३० लाखांवरून १७.६० लाख गाड्यांवर गेली. वृत्तालेख वाटणी दाखवतो, एकूण किती ते नाही. त्या पाच वर्षांत सगळा बाजारच ३३.७७ लाखांवरून ४२.१९ लाखांवर, म्हणजे जवळपास ४:५ या प्रमाणात वाढला होता. म्हणून आलेखावरचं उदाहरण सोडवताना ‘हे टक्के कशाचे?’ हा प्रश्न आकडेमोडीच्या आधी यायला हवा, आणि शिकवणाऱ्यांनी सर्वाधिक वेळ त्यावरच द्यावा असं मला ठामपणे वाटतं.

स्पर्धा परीक्षेत एवढा विचार करायला वेळ कुठे असतो, ही तक्रार रास्त आहे. पण इथे वेळ उलट वाचतो. लाखांचे आकडे हवेतच कशाला? ५१.२ ला ४ ने आणि ४१.७ ला ५ ने गुणलं की २०४.८ : २०८.५ हे विक्रीचं गुणोत्तर मिळतं; वाढ दोन टक्क्यांच्या आतच. इतर कंपन्यांचं तसंच केलं तर १९५.२ : २९१.५, म्हणजे जवळजवळ दीडपट! नव्याने वाढलेलं गिऱ्हाईक कुणाकडे गेलं, हे या दोन ओळींत कळतं. वाटा ९.५ अंकांनी घटला आणि मूळ वाट्याच्या १८.६ टक्क्यांनी घटला, ही दोन्ही विधानंही खरी आहेत. पर्यायांत दोन्ही असतील, तर प्रश्नाची भाषाच उत्तर ठरवते.

कुणी म्हणेल, स्पर्धेत वाट्यालाच महत्त्व, मग वृत्तालेखाने फसवलं कुठे? वाट्यापुरतं काहीच फसवलं नाही. मात्र दोन वर्षांची विक्री ताडून पाहायची असेल, तर वर्तुळंही एकूण विक्रीच्या प्रमाणात काढावीत. पहिल्याची त्रिज्या ५ सेंटिमीटर असेल, तर दुसऱ्याची साधारण ५.६ घ्यावी. मग १५० अंशांची पाकळी क्षेत्रफळात १८४ अंशांच्या पाकळीपेक्षा किंचित मोठीच भरते.