मॉर्गनटनचे वकीलसाहेब

तालुक्याच्या गावचे वकील आपल्या चांगल्या परिचयाचे असतात. कोट उन्हाने विटलेला, कपाटात वडिलांच्या वेळची कायद्याची पुस्तके, आणि उलटतपासणी घेता घेता तोंडी एखादे सुभाषित. असेच एक वकील अमेरिकेत होऊन गेले आणि उतारवयात त्यांनी प्रत्यक्ष राष्ट्राध्यक्षाकडे जाब मागितला. सॅम अर्विन हे त्यांचे नाव.

नॉर्थ कॅरोलायना राज्यात, डोंगराच्या पायथ्याशी मॉर्गनटन नावाचे गाव आहे. तेथे २७ सप्टेंबर १८९६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडीलही वकीलच. पहिल्या महायुद्धात अर्विन फ्रान्समध्ये साधे शिपाई म्हणून लढले, दोनदा जखमी झाले आणि पुढे त्यांना शौर्यपदकही मिळाले. परत आल्यावर १९१९ साली वकिलीची परीक्षा देऊन ते हार्वर्डला गेले, पण तेथला तीन वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी चक्क उलटा केला! आधी तिसरे वर्ष, मग दुसरे आणि शेवटी पहिले. कारण मोठे गोड होते. गावी मार्गारेट बेल नावाची मुलगी होती आणि तिला सोडून फार दिवस दूर राहण्याची त्यांना धास्ती वाटे. म्हणून एका वेळी एकाच वर्षाची बोली! १९२४ साली दोघांचे लग्न झाले.

एव्हाना ते राज्याच्या विधिमंडळात निवडून आले होते. १९२५ साली तेथे शाळांतून उत्क्रांतिवाद शिकविण्यास बंदी घालणारे विधेयक आले. अर्विन उठले आणि म्हणाले की, या कायद्याने आनंद होईल तो फक्त रानातल्या माकडांना. माणसाच्या करणीची जबाबदारी आपल्यावरून टळली म्हणून! विधेयक फेटाळले गेले. कीर्तनकाराला ऐन वेळी दृष्टांत सुचावा तसे बायबल, शेक्सपिअर आणि गावाकडच्या गोष्टी त्यांच्या जिभेवर असत. मी स्वतःला निव्वळ एक खेडवळ वकील म्हणवून घेतो, असे ते सांगत. पण ते ऐकून गाफील राहणाऱ्याची धडगत नसे.

पुढे ते न्यायाधीश झाले, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात बसले आणि १९५४ साली वॉशिंग्टनला सेनेटमध्ये गेले. ज्याला त्याला देशद्रोही ठरविणाऱ्या सेनेटर मॅकार्थींची चौकशी करणाऱ्या समितीत, नवखे असूनही, त्यांना घेण्यात आले. गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळावा आणि केवळ पैशावाचून कोणी जामिनाअभावी तुरुंगात खितपत पडू नये, म्हणून १९६४ आणि १९६६ साली जे कायदे झाले त्यांमागेही ते उभे होते.

इतके वाचून वाचक त्यांच्या प्रेमात पडतो. मीही पडलो. आणि मग १९५६ साल येते. गोऱ्या व काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवता येणार नाहीत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला होता. त्याविरुद्ध दक्षिणेकडील लोकप्रतिनिधींनी जाहीरनामा काढला, त्यावर अर्विन यांची सही आहे. १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्यालाही त्यांनी कसून विरोध केला. दर वेळी हातात पुस्तक एकच, राज्यघटना! शब्द पाठ असणे आणि अर्थ पोहोचणे यांत केवढे अंतर असते, हे आम्हां मास्तरांना वर्गात रोज दिसते. ज्या कोर्टात त्यांची हयात गेली, त्याच्याच आसपास राहणाऱ्या काळ्या शेजाऱ्यापर्यंत तो अर्थ पोहोचला नाही.

जून १९७२ मध्ये वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीत विरोधी पक्षाच्या कचेरीत चोरटे शिरताना पकडले गेले. तरी त्याच नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष निक्सन पन्नासांपैकी एकोणपन्नास राज्ये जिंकून पुन्हा निवडून आले. अशा बलाढ्य माणसाच्या मंडळींची चौकशी करायची कोणी? सेनेटने ७७ विरुद्ध शून्य मतांनी समिती नेमली आणि अध्यक्षपदी बसविले शहात्तर वर्षांच्या अर्विनना. मे १९७३ पासून ही चौकशी घरोघरी दूरचित्रवाणीवर दिसू लागली. त्या थरथरणाऱ्या दाट भुवया साऱ्या देशाच्या ओळखीच्या झाल्या. निक्सन आपल्या कचेरीतील संभाषणे ध्वनिमुद्रित करीत, हे जुलैत उघड झाले. राष्ट्राध्यक्ष त्या फिती देईनात. अर्विन म्हणत, कायद्यापेक्षा मोठा कोणी नाही. ९ ऑगस्ट १९७४ रोजी निक्सन पायउतार झाले.

त्याच वर्षाअखेर अर्विनही सेनेट सोडून मॉर्गनटनला परतले आणि पुन्हा वकिली करू लागले. २३ एप्रिल १९८५ रोजी ते वारले.

एका सहीसाठी त्यांचे सारे पुण्य पुसावे असे मला वाटत नाही. आणि त्या पुण्याखाली ती सही झाकावी, असेही वाटत नाही. राजाला कायदा दाखविण्याचे धैर्य दुर्मीळ खरेच. शेजाऱ्याला त्याच कायद्याच्या सावलीत जागा देण्याचे धैर्य त्याहून दुर्मीळ, एवढे मात्र हे चरित्र मिटताना मनात राहते.