पाच घरं, एक नळ

ऑफिसमध्ये मेल येतो, 'या शनिवारी व्हॉलंटिअर डे!' मग एकसारखे टी-शर्ट, एखाद्या शाळेची भिंत रंगवणं, ग्रुप फोटो आणि दुपारी बिर्याणी. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातले २ टक्के समाजासाठी खर्च करायला लावले, तेव्हापासून हे जरा जास्तच दिसतं. वाईट काहीच नाही त्यात, भिंत खरंच छान दिसते. पण सीए किंवा आर्किटेक्ट होतात तसं काही जण रीतसर शिकून सोशल वर्कर होतात. ते नेमकं शिकतात काय? हे बघायला मी चार शनिवार चारकोपला गेले, एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीच्या मागेमागे. नाव छापू नका म्हणाली.

चारकोप ही जागाच यासाठी सॉलिड आहे. इथले सेक्टर उभे राहिले ते जागतिक बँकेच्या मदतीने १९८५ ते १९९४ दरम्यान झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पातून. म्हाडाने आखलेले छोटे प्लॉट, रस्ते, पाणी आणि गटारं दिली. घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधलं. साधारण पस्तीसेक कुटुंबांची एक सोसायटी आणि मध्ये सामाईक अंगण. आर्किटेक्ट मंडळी ही अंगणं मुद्दाम बघायला येतात. मला मात्र कौतुक वाटतं ते एकमेकांना न ओळखणाऱ्या पस्तीस घरांनी एका अंगणावर एकमत करण्याचं. कुणाची स्कूटर कुठे, वाळवण कुठे, गणपती कुठल्या कोपऱ्यात... तिथे भांडणं झाली नसतील असं मानायला मी तयार नाही!

याच सेक्टरांच्या पलीकडे, पायी दहा मिनिटांवर, एक वस्ती आहे. तिथल्या एका गल्लीत अजून नळ नाही. पाणी विकत किंवा शेजारच्या गल्लीतून, मेहेरबानीवर. २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की झोपडी अनधिकृत असली तरी तिथल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही. २०२२ मध्ये महापालिकेने 'सर्वांसाठी पाणी' धोरण आणलं. म्हणजे कागदावर वाट मोकळी आहे. पण वस्तीत नळ एकेका घराला नाही, गटाला मिळतो. निदान पाच कुटुंबं, त्यांचा एक सेक्रेटरी, सगळ्यांची कागदपत्रं आणि परवानाधारक प्लंबर. बिल एकच येतं. वर्गणी गोळा करून ते भरायचं सेक्रेटरीने.

चार घरं तयार होती. पाचव्या घरच्या काकू 'नाही' म्हणून बसल्या होत्या.

तुम्ही-आम्ही काय करू? काकूंच्या वाट्याचे पैसे जीपेने भरून मोकळे होऊ, नाहीतर कुणा पुढाऱ्याला फोन लावू. ही मुलगी काकूंच्या उंबऱ्यात बसली आणि त्यांच्याबरोबर मटार सोलायला लागली. गुडघेदुखी, सुनेची नोकरी, गावाकडचं घर. पाऊण तास! पाण्याचा विषय तिने काढलाच नाही. निघताना मला राहवेना. "अगं, विचारलं का नाहीस?"

"त्यांनी काढू दे," ती म्हणाली.

हे उंबऱ्यात बसणंच त्यांच्या अभ्यासाचा गाभा आहे. भारतात समाजकार्याचं रीतसर शिक्षण सुरू झालं ते १९३६ मध्ये, आपल्याच मुंबईत. क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्याने नागपाड्यात नेबरहूड हाउस चालवलं होतं. कामगारांच्या दाट वस्तीतल्या त्या घरात सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क उघडलं आणि मॅन्शार्ट त्याचे पहिले संचालक झाले. आजची देवनारची 'टिस' म्हणजे तीच संस्था. १९५५ मध्ये न्यू मरीन लाइन्सला निर्मला निकेतन सुरू झालं. लेक्चर आणि असाइनमेंट सगळीकडेच असतात. इथे त्याबरोबर आठवड्याचे दोन दिवस फील्डवर्क, त्याचा लेखी रिपोर्ट आणि मग सुपरवायझरसमोर एकट्याने बसायचं. मुलांच्या भाषेत 'आयसी', म्हणजे इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स. तिच्या एका रिपोर्टच्या समासात लाल पेनाने लिहिलेलं मी वाचलं: 'तू किती बोललीस? त्या किती बोलल्या?' आमच्या अप्रेझलमध्ये हा प्रश्न आला तर निम्मे मॅनेजर नापास होतील.

तिसऱ्या शनिवारी काकूंनीच विषय काढला. काही वर्षांपूर्वी नळ आणून देतो म्हणून एकाने गल्लीतून पैसे नेले होते. तो पुन्हा दिसला नाही. त्यात काकूंच्या सुनेची भिशी गेली. घरात महिनाभर त्यावरून बोलणं बंद होतं. म्हणजे काकूंचा विरोध नळाला नव्हता, सेक्रेटरीला होता! चार घरं इतके दिवस त्यांना 'हट्टी' म्हणत होती.

मुलीने फक्त एवढंच विचारलं, "काकू, हे बाकीच्यांना सांगाल?"

चौथ्या शनिवारी गल्लीतच सगळे बसले. काकूंनी सांगितलं. एक दादा चिडले, "आम्ही काय चोर आहोत का?" बराच वेळ कुणी काही बोलेना. मी मुलीकडे बघत होते, आता ही सावरून घेईल म्हणून. ती गप्प! शेवटी तिसऱ्या घरातली नववीतली मुलगी म्हणाली, बिल भिंतीवर चिकटवू, कुणी किती दिले तेही लिहू. मग सेक्रेटरी दरवर्षी बदलायचा असं ठरलं. पहिल्या वर्षी कोण, यावर अर्धा तास गेला. शेवटी काकूच!

मार्चमध्ये हिचं फील्डवर्क संपतं. पहिलं बिल त्यानंतरच येईल. पैसे थकले, भांडण झालं, तर ही तिथे नसेल. आयसीमध्ये सध्या तोच विषय चालू आहे म्हणे.

अर्जावर सह्या झाल्या तेव्हा काकूंनी पेन तिच्यापुढे केलं. "तू कुठे करतेस गं सही?"

"मी नाही करत, काकू. मी इथे राहत नाही."

सोमवारी पाचही घरांतलं एकेक माणूस कांदिवलीच्या आर-दक्षिण वॉर्ड ऑफिसात गेलं. एका रेशनकार्डावरचा पत्ता जुना निघाला. बुधवारी पुन्हा जायचंय.