सेल्सफोर्समधली जागा जाते कुठे?

सेल्सफोर्समध्ये साठवणुकीचे मुख्य दोन हिशेब असतात. ग्राहक, चौकशा, व्यवहार यांच्या नोंदी एकीकडे. पीडीएफ, फोटो वगैरे फायली दुसरीकडे. फायलींचं गणित सरळ आहे, जेवढा आकार तेवढी जागा. नोंदींचं मात्र विचित्र. नुसतं नाव लिहा किंवा पन्नास रकाने भरा, बहुतेक नोंदी सरसकट 2 केबीच धरल्या जातात. काही अपवाद आहेत: मोहिमेची नोंद 8 केबी, तर ईमेल मजकुराच्या लांबीप्रमाणे. म्हणजे 10 जीबीत साधारण 52 लाख नोंदी मावतात. त्यामुळे रकाने कमी करून काही वाचत नाही. नोंदीच कमी कराव्या लागतात.

‘सेटअप’मधल्या ‘स्टोरेज युसेज’ पानावर कोणत्या प्रकारच्या नोंदींनी किती जागा खाल्ली आणि कोणत्या वापरकर्त्याच्या नावावर किती आहे, हे दिसतं. मोठी भर घातल्यावर आकडा लगेच बदलला नाही तर घाबरू नये. हिशेब मागाहून होतो.

पुसलेल्या नोंदी रिसायकल बिनमध्ये 15 दिवस राहतात, पण त्या जागेत मोजल्या जात नाहीत. तरीही पुसण्याआधी निर्यात करून प्रत ठेवावी. आणि सफाईची सुरुवात जुन्या ईमेलपासून करावी, ग्राहकांपासून नव्हे.